वडिलांची जुनी बारा बोअर दुनळी : बदल करावेत की आहे तशी ठेवावी?

भोगावतीकाठ (बार्शी तालुका)

सर्व सदस्यांना नमस्कार. वडिलांकडून वारसाने आलेल्या बारा बोअरच्या दुनळी बंदुकीबाबत जाणकारांचे मत हवे आहे. वारस म्हणून रीतसर अर्ज करून परवाना माझ्या नावावर झाला आहे, आणि वडिलांच्या निधनानंतर जमा केलेली बंदूक आता माझ्या ताब्यात आली आहे. त्यामुळे मालकीबाबत काही अडचण नाही. तिच्यात कोणते बदल करावेत आणि कोणते करू नयेत, एवढेच विचारायचे आहे.

बंदूक बर्मिंगहॅमची, शेजारी-शेजारी दोन नळ्यांची, आतल्या घोड्यांची आणि दोन चापांची आहे. नळ्या ३० इंच लांब आहेत. उजव्या नळीला अर्धा चोक (तोंडाशी नळी आतून किंचित आवळलेली असणे) आणि डावीला पूर्ण चोक असल्याचे वडील सांगत असत. नळ्या सोडवून खालून पाहिले तेव्हा मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी अशी अक्षरे, एका चौकटीत १२ हा आकडा, चेंबरची (काडतूस बसते त्या भागाची) लांबी अडीच इंच आणि छऱ्यांचे वजन १-१/८ औंस असे छाप दिसले. दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे जिथे आपण मुठीत धरतो तिथे, जुनी चीर असून तिच्यावर कोणीतरी पितळी पत्रा ठोकला आहे. नळ्यांचा काळा मुलामा बराचसा उडाला आहे. बंदूक मिटवून हलवली की बारीक खडखड ऐकू येते, आणि वरची कळ मिटल्यावर मध्यावर न थांबता डावीकडे झुकते.

माझ्या मनात चार कामे आहेत. वस्तीवर हाताळायला सोपे जावे म्हणून नळ्या २४ इंचांपर्यंत कमी करणे, सध्या सहज मिळणारी ७० मिलिमीटरची काडतुसे चालावीत म्हणून चेंबर वाढवून घेणे, दस्ता नवा बसवून त्याला रबरी पॅड लावणे आणि नळ्यांना पुन्हा काळा मुलामा देणे. एका दुकानदाराने ही सर्व कामे एकदमच करून देतो असे सांगितले आहे. आईचे म्हणणे असे, की वडिलांच्या हातची वस्तू आहे, तिला हात लावू नये. माझे मत असे, की बंदूक वापरण्याजोगी नसेल तर ती सांभाळण्यात अर्थ नाही. कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

सीनेकर (मोहोळ)

आपण विचारल्याशिवाय काम सुरू केले नाहीत हे फार चांगले झाले, कारण आपल्या यादीतील पहिलेच काम गुन्हा ठरू शकते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार, त्या कामाचा स्वतंत्र परवाना असल्याखेरीज कोणालाही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. बंदूक बाळगण्याचा आपला परवाना त्यासाठी पुरेसा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने हे कलम अधिक व्यापक झाले. एका प्रवर्गातील शस्त्र दुसऱ्या प्रवर्गात बदलणेही त्यात आले, आणि कलम २५ खालील शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढली. वस्तीवरच्या सोयीसाठी सहा इंच नळी कापून घेणाऱ्या शेतकऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असला, तरी नळी कापलेली बंदूक तपासणीत समोर आली की पहिला प्रश्न हेतूचा नसतो, कृतीचा असतो.

दुसरे असे, की दुरुस्तीचे कामसुद्धा कलम ५ च्या कक्षेत येते. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे त्या कामाचा परवाना असावाच लागतो. म्हणून दुकानदाराच्या परवान्यात दुरुस्तीचा समावेश आहे का, हे आपण स्वतः कागद पाहून खात्री करून घ्यावे. जो माणसाच्या तोंडावर, काही न विचारता, नळी कापून देतो असे म्हणतो, त्याच्याकडे दस्त्याचे कामसुद्धा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. बंदूक दुरुस्तीसाठी जिल्ह्याबाहेर न्यायची असेल तर परवान्यावर नमूद केलेले क्षेत्र आधी तपासा. ते फक्त सोलापूर जिल्ह्यापुरते असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेतून आधी परवानगी घ्यावी लागेल. शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांना हेच काम आयुक्त कार्यालयात करावे लागते, पण आपला तालुका बार्शी असल्याने आपला संबंध जिल्हाधिकाऱ्यांशी आहे.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पॉलिश करताना किंवा मुलामा देताना नळीवरचा व पेटीवरचा (नळ्यांमागच्या यंत्राच्या भागावरचा) क्रमांक घासला जाणार नाही याची काळजी घ्या. ओळखचिन्ह काढणे किंवा बदलणे हा कलम ८ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि जुन्या बंदुकांवरचे क्रमांक इतके उथळ झालेले असतात की कारागिराचा हात जरा जड पडला तर ते वाचता येत नाहीत.

होटगी रस्ता (सोलापूर)

सीनेकरांनी कायद्याची बाजू नीट मांडली आहे. मी अनेक वर्षे शस्त्रागारात काम केले आहे, म्हणून यंत्राची बाजू मांडतो. ती थोडी लांबेल, पण जुन्या बंदुकीबाबतचा निर्णय मोजमापाशिवाय घेताच येत नाही.

प्रथम आपण लिहिलेल्या छापांविषयी. बीव्ही, बीपी आणि एनपी हे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे छाप आहेत. ही संस्था १८१३ पासून बंदुकांच्या नळ्या नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसे उडवून तपासत आली आहे. एनपी याचा अर्थ ती नळी धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे, आणि ही समाधानाची बाब आहे, कारण काळ्या दारूच्या काळातील नळ्यांमध्ये आजची काडतुसे वापरणे धोक्याचे असते. बोअर १२ अशा आकड्यात आणि छऱ्यांचे वजन औंसात दिलेले असल्यामुळे ही तपासणी १९५४ पूर्वीची ठरते, कारण त्या वर्षीच्या नियमांनंतर दाब टनांमध्ये लिहिला जाऊ लागला. १-१/८ औंस म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. त्याहून जड भाराची काडतुसे या बंदुकीसाठी नाहीत, मग ती चेंबरमध्ये कितीही सहज बसोत.

आता चेंबरचा प्रश्न. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडवल्यानंतर, तोंड उघडलेल्या नळकांड्याची लांबी असते. त्यामुळे न उडवलेले ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच इंचांच्या चेंबरमध्ये अगदी व्यवस्थित बसते आणि बंदूक मिटतेही. अनेकांचा घोटाळा इथेच होतो. उडवल्यावर त्याचे तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उघडते, छऱ्यांना जाण्याची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. एकदा उडवून काही झाले नाही म्हणून ते चालते असा निष्कर्ष काढू नये.

मग चेंबरच वाढवून घ्यावा का? माझे उत्तर नाही असे आहे. चेंबर आणि त्याच्या पुढचा दोन-तीन इंचांचा भाग हा नळीतील सर्वाधिक दाबाचा भाग आहे, आणि चेंबर वाढवणे म्हणजे नेमका तिथलाच धातू खरवडून काढणे. नवी नळी जाड असते, तिला ते एखादे वेळी सोसेल. सत्तर वर्षांहून अधिक जुनी, आतून अनेकदा घासलेली आणि कधीतरी गंजलेली नळी सोसेल की नाही, हे पुन्हा प्रूफ चाचणी केल्याशिवाय कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय चेंबर वाढला की बंदुकीवर असलेला छाप त्या चेंबरसाठी लागू राहत नाही. आपला प्रश्न काडतूस मिळण्याचा असेल तर तो दुकानात सोडवावा, नळीत सोडवू नये. आपल्याकडच्या काडतुसांच्या खोक्यावर आणि नळकांड्यावर लांबी छापलेली असते. ६५ मिलिमीटरचीच काडतुसे मागवून घ्यावीत, आणि दुकानदार चालून जाईल म्हणाला तरी ७० ची घेऊ नयेत.

बंदुकीची मोजमापे आपण अवश्य करून घ्यावीत. बारा बोअरचा प्रमाण व्यास ०.७२९ इंच असतो आणि तो चेंबरच्या मागच्या कडेपासून नऊ इंचांवर मोजतात. आपल्या नळीवर नुसता १२ हा आकडा असल्याने तपासणीच्या वेळी ती ०.७२९ ते ०.७४० च्या दरम्यान होती. आज ती ०.७४० किंवा त्याहून मोठी भरली, तर आतून इतका धातू गेला आहे की जुना छाप ग्राह्य धरता येत नाही. व्यासापेक्षाही महत्त्वाची आहे ती नळीच्या भिंतीची जाडी. चोकच्या अलीकडच्या भागात ती सहसा सर्वांत कमी असते, आणि २० थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा, कमी भरली तर जाणकार कारागीर ती नळी वापरातून काढायला सांगतात. हे मोजायला वेगळा गेज लागतो, साध्या व्हर्नियरने ते होत नाही. ज्याच्याकडे असा गेज नाही त्याने नळीच्या भवितव्याबद्दल मत देऊ नये.

खडखडीबद्दल. पुढचा लाकडी भाग काढून बंदूक मिटवा, मनगटाशी धरून हलवा आणि नळ्या व मागची भिंत (नळ्यांची मागची तोंडे जिला टेकतात तो पेटीचा भाग) यांच्यामधून उजेड दिसतो का ते पाहा. नळ्यांखालचा आकडा (हुक) ज्या बिजागरीच्या खिळीवर फिरतो ती झिजली की नळ्या मागच्या भिंतीपासून सुटतात. कळ डावीकडे झुकणे हेही सहसा कुलपाच्या झिजेचे लक्षण असते. अशी बंदूक उडवत राहिली की प्रत्येक धक्क्याने फट वाढत जाते. आपल्या यादीत हे काम नाही, पण माझ्या मते हेच काम पहिले आहे. नवी, किंचित जाड खीळ बसवून, काजळी लावून थोडे थोडे घासत नळ्या पुन्हा भिंतीला बसवता येतात. हे जुने, सिद्ध झालेले काम आहे आणि त्याने बंदुकीचे आयुष्य वाढते.

शेवटी मुलाम्याबद्दल एक गंभीर इशारा. शेजारी-शेजारी असलेल्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात. आजकाल बहुतेक ठिकाणी काळा मुलामा कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात देतात. एका नळीच्या बंदुकीला त्याने काही होत नाही, पण दुनळीचा डाख ते द्रावण खाऊन टाकते, द्रावण पट्ट्यांच्या आत शिरून राहते आणि पुढे महिनोन्महिने आतून गंज चालू राहतो. दुनळीला मुलामा द्यायचाच असेल तर हळूहळू गंज चढवून, उकळून, ब्रशने घासून, पुन्हा गंज चढवण्याच्या जुन्या पद्धतीनेच द्यावा. तो करणारा कारागीर मिळाला नाही तर उडालेला मुलामा तसाच ठेवून तेलाचा हात फिरवत राहणे अधिक सुरक्षित आहे. पट्ट्या आज घट्ट आहेत का हे पाहण्यासाठी नळ्या सुट्या करून आकड्याला दोरी बांधून टांगा आणि लाकडाने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर डाख शाबूत आहे, बद्द आवाज आला तर कुठेतरी पट्टी सुटली आहे.

दमाणी नगर (सोलापूर)

होटगी रस्ता यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु चर्चेचा सूर काहीच करू नका असा होत आहे, तेवढ्यापुरती थोडी वेगळी बाजू मांडते. माझ्या वडिलांचीही दुनळी माझ्याकडे आली. मी तिने मातीच्या तबकड्यांवर सराव करते. वडील उंच होते, त्यामुळे त्यांच्या मापाचा दस्ता माझ्या खांद्याला लागत नव्हता. वजन, नळ्या, चोक काही न बदलता मी फक्त दस्ता मागून कमी करून घेतला आणि कापलेला लाकडाचा तुकडा तेल लावून, बंदुकीचा क्रमांक लिहून पेटीत जपून ठेवला. उद्या माझ्या मुलाला पूर्ण मापाचा दस्ता हवा असेल तर तो तुकडा परत जोडता येईल. बंदूक आपल्या अंगाला बसत नसेल तर नेम बसत नाही आणि धक्का गालावर येतो, म्हणून लाकडातला बदल हा शौक समजू नये.

आपल्या चिरेबद्दल सांगते. पितळी पत्र्याखाली नेमकी चीर किती खोल आहे ते पत्रा काढल्याशिवाय कळणार नाही. बहुतेक वेळा जुन्या तेलाने लाकूड काळे पडलेले असते. ते तेल आधी शोषून काढून, मग चिरेत चांगला इपॉक्सी भरून आतून खिट्टी बसवली की तोच दस्ता पुढे कितीतरी वर्षे काम देतो. नवा दस्ता करायचा झाला तर अक्रोडाचे किंवा चांगल्या शिसवीचे, वाळलेले आणि मनगटाशी रेषा सरळ जाणारे लाकूड हवे. पॅडबद्दल बोलायचे तर दस्ता कापून रबर बसवण्याऐवजी वरून चढवायचे चामडी पॅड आधी वापरून पाहा. ते आवडले नाही तर काढून ठेवता येते.

नळ्या कापण्याविषयी मात्र मी ठामपणे विरोध करीन, कायदा बाजूला ठेवला तरीसुद्धा. चोक हा नळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांतच असतो. सहा इंच कापले की दोन्ही नळ्या सरळ सिलिंडर होतात. पूर्ण चोकमधून ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात सुमारे ७० टक्के छरे पडतात, आणि चोकच नसेल तर ४० टक्क्यांच्या आसपास. शिवाय बंदुकीचा तोल मागे सरकतो, पुढचे टोक हलके होऊन हातात फिरू लागते, आणि वजन घटल्यामुळे धक्का वाढतो. म्हणजे ज्या सोयीसाठी आपण हे करणार ती सोयही नीट मिळत नाही.

माळरान (नान्नज परिसर)

एक पूरक मुद्दा, थोडक्यात. आपण बंदूक वस्तीवर ठेवणार असे लिहिले आहे. आपली जमीन माळढोक अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत येत असेल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार शस्त्र परवानाधारकाने वन विभागाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. हे अभयारण्य १९७९ पासूनचे असल्याने वडिलांनी ती नोंदणी केलेली असू शकते. जुने कागद शोधा, आणि आता परवाना आपल्या नावावर झाल्याने नोंदही आपल्या नावावर करून घ्या. ज्वारीवर येणारे पोपट, मोर आणि काळवीट हे संरक्षित जीव आहेत, त्यांच्यासाठी बंदूक उचलता येत नाही. रानडुकरांचा उपद्रव असेल तरी वन विभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काही करू नये. पिकाचे नुकसान खरे आहे आणि त्याचा राग येणेही साहजिक आहे, पण त्यावरचा मार्ग पंचनामा आणि भरपाईचा अर्ज हाच आहे.

भोगावतीकाठ (बार्शी तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका कारागिराकडे बंदूक नेऊन मोजून घेतली. उजवी नळी ०.७३२ आणि डावी ०.७३३ इंच भरली. भिंतीची जाडी सर्वांत कमी ठिकाणी, डाव्या नळीत, २६ थाऊ आहे. टांगून पाहिल्यावर नाद स्वच्छ आला. मात्र नळ्या आणि मागची भिंत यांच्यामधून कागदाची पट्टी सहज सरकते. दस्त्याची चीर पत्रा काढल्यावर निम्म्या मनगटापर्यंतच गेलेली दिसली.

नळ्या कापण्याचा आणि चेंबर वाढवण्याचा विचार मी पूर्णपणे सोडला आहे. आईलाही आकडे समजावून सांगितले. बिजागरी दुरुस्त करून घेण्याला तिची हरकत नाही, कारण त्यात वडिलांच्या बंदुकीचे काही बदलत नाही, असे तिने स्वतःच सांगितले. एक शंका राहते. डाव्या नळीचा पूर्ण चोक थोडा उघडून अर्धा करून घेतला तर चालेल का? त्याला कापणे म्हणता येणार नाही, असे कारागीर म्हणतो.

होटगी रस्ता (सोलापूर)

मोजमापे वाचून आनंद झाला. नळ्या सुदृढ आहेत आणि २६ थाऊ जाडी जुन्या बंदुकीला समाधानकारक आहे. चोक उघडणे म्हणजे पूर्ण चोकमधला सुमारे ४० थाऊंचा आकुंचित भाग २० थाऊंवर आणणे. त्याने लांबी कमी होत नाही हे कारागिराचे म्हणणे बरोबर आहे. तरीही मी थांबायला सांगेन. आधी बिजागरी दुरुस्त होऊ द्या, मग मोठा कागद लावून ४० यार्डांवर दोन्ही नळ्यांचे पॅटर्न पाहा. कागदावर छऱ्यांची संख्या मोजल्याशिवाय त्या नळीत आज खरोखर किती चोक उरला आहे हे कळत नाही. वडिलांनी सांगितले त्या काळात तो पूर्ण असेल, पण मधल्या वर्षांत कोणी उघडला असल्याचीही शक्यता आहे. शिवाय दोन नळ्यांना दोन वेगळे चोक असणे हाच दोन चापांच्या बंदुकीचा फायदा आहे. जवळचे उजवीने, दूरचे डावीने. आपल्याला उघड्या चोकची गरज असेल तर ती उजवी नळी भागवते. खरवडून काढलेला धातू परत घालता येत नाही, म्हणून माझे मत डाव्या नळीला हात लावू नये असे आहे.

सीनेकर (मोहोळ)

बिजागरीचे काम देताना कारागिराकडून दोन प्रतींत पावती घ्या. तीत परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक, नळ्यांची लांबी ३० इंच आणि कामाचे स्वरूप स्पष्ट लिहून घ्या. बंदूक परत घेताना लांबी पुन्हा मोजून त्याच पावतीवर नोंदवा. एक प्रत परवान्यासोबत राहू द्या. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायचे आदेश निघाले तर ठाण्यात देण्याआधी नळ्यांच्या आतून आणि पट्ट्यांच्या कडेने तेलाचे बोट फिरवा, लाकूड कोरड्या कापडात गुंडाळा आणि सुटी करून, पेटीसह जमा करा. पोत्यात घालून देऊ नका. तिथे बंदूक कित्येक आठवडे पडून राहते, आणि नव्याने बसवलेली खीळ व चिकटवलेली चीर यांना दमट जागेत तेवढा काळ उघडे ठेवणे योग्य नाही.